खोलता येणारा चाकू

मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्र्यावर बोलणाऱ्यांची कमतरता नाही. आंबिया किती फुटला, मृगाला ताण नीट बसला का, कोळशी कुठवर आली, व्यापाऱ्यानं बाग काय भावानं मागितली, यावर टपरीवर चहाचे कप रिकामे होत राहतात. रोगाचा विषय निघाला की डिंक्या निघतो, पाणी निघतं, औषधाच्या दुकानदाराचाही उद्धार होतो. बागेतल्या प्रत्येक झाडाच्या अंगाला जे हत्यार पहिल्यांदा लागलं, त्याचं नाव मात्र या चर्चेत निघत नाही. ते हत्यार म्हणजे पन्हेरीतल्या, म्हणजे रोपवाटिकेतल्या, कारागिराच्या खिशातला घडीचा चाकू.

या पुस्तिकेचा विषय तो चाकू आहे. त्यातही त्याची धार, पोलाद किंवा किंमत हा मुख्य मुद्दा नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याला तो खोलता येतो का, आतून धुता येतो का आणि संध्याकाळी पुन्हा जोडून दुसऱ्या दिवशी कामाला लावता येतो का, एवढंच इथं पाहिलं आहे. प्रश्न दिसायला फार बारीक आहे. पण संत्र्याची बाग एकदा लावली की माणूस पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्या भरवशावर राहतो. पाचव्या-सहाव्या वर्षी झाडं खुरटी राहिलेली दिसली, तर पन्हेरीतल्या त्या एका सकाळी काय झालं हे शोधायला मागे जाता येत नाही.

ज्यांनी काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे पन्हेऱ्यांचं गाव. मोर्शीच्या बाजूलाही पन्हेऱ्या आहेतच. जंभेरीचं किंवा रंगपूर लाइमचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की थंडीच्या दिवसांत त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. कारागीर वाफ्यात उकिडवा बसतो. एका हातात मातृवृक्षावरून आणलेली डोळकाडी, दुसऱ्यात चाकू. खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर आधी आडवा, मग उभा काप. चाकूच्या मागच्या बोथट टोकानं साल दोन्ही बाजूंनी हलकेच उचलायची. डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा एका ओढीत काढायचा आणि सालीच्या त्या खिशात सरकवायचा. पट्टी गुंडाळली की पुढचं रोप. चांगल्या कारागिराच्या हातात हे सगळं इतक्या लवकर उरकतं की पाहणाऱ्याला काप कुठला आणि डोळा कुठला हेही नीट दिसत नाही. डोळा जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर बांधावा असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यामागे कारण आहे: पायकूज आणि डिंक्या करणारी फायटोफ्थोरा ही बुरशी मातीतून, पाण्याच्या शिंतोड्यांतून वर येते आणि संत्र्याची साल तिला पटकन बळी पडते.

आता या कामात चाकूला काय काय लागतं ते पाहा. प्रत्येक कापाला झाडाचा रस लागतो, सालीचे तंतू लागतात, चिकट डिंक लागतो. कारागीर पातं अंगठ्यानं किंवा पँटीवर पुसतो. पातं चकचकीत दिसतं. मग दुपारी जेवायला उठताना तो चाकू मिटतो, आणि पात्यावर जे काही उरलेलं असतं ते मुठीच्या खाचेत जाऊन बसतं. पुन्हा उघडला की त्यातलं थोडं पात्यावर येतं. दिवसभर हीच देवाणघेवाण.

पन्हेरीत बरेच दिवस वापरलेला एक चाकू मी खिळा काढून उघडवून घेतला होता. बाहेरून तो नीटनेटका होता, मूठही तेल लावून ठेवलेली. आत स्प्रिंगच्या पट्टीच्या बुडाशी काळपट तपकिरी लगदा बसला होता. नखानं खरवडला तर मेणासारखा निघाला. त्यात सालीचे धागे होते, मातीचे कण होते आणि लोखंडाचा लाल गंज होता. पात्याच्या भोकाभोवती हा लगदा पितळी वायसरसारखाच गोल होऊन घट्ट बसला होता. ज्याचा चाकू होता तो कारागीर बाजूलाच उभा होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तं मले दिसलंच नसतं. अन्‌ खोलला तं मंग बसवनार कोन?" या पुस्तिकेची बहुतेक पानं त्याच्या दुसऱ्या प्रश्नावर खर्ची पडली आहेत.

त्या लगद्याला घाबरायचं कारण काय? लिंबूवर्गीय झाडांचा एक रोग आहे, एक्सोकॉर्टिस. १९४८ साली कॅलिफोर्नियात त्याचं वर्णन झालं. खुंटाची साल उभी तडकते, तिचे पापुद्रे सुटतात आणि झाड खुजं राहतं. बराच काळ तो विषाणूच समजला जात होता. १९७१ मध्ये थिओडोर डायनर यांनी बटाट्याच्या एका रोगावरून दाखवलं की विषाणूपेक्षाही कितीतरी लहान असं काही असतं, त्याला प्रथिनाचं कवचही नसतं. त्यांनी त्याला व्हायरॉइड म्हटलं, आणि एक्सोकॉर्टिसही त्याच कुळातला निघाला. याची लांबी अवघी ३७१ न्यूक्लिओटाइडची. पण आपल्या कामाची गोष्ट त्याआधीची, १९६७ सालची आहे: फ्लोरिडात गार्न्सी आणि जोन्स यांनी दाखवून दिलं की डोळे बांधायच्या घाणेरड्या चाकूनंच हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्याला किडा लागत नाही, वारा लागत नाही. चाकूच पुरेसा होतो.

संत्रा या रोगाला स्वतः दाद देत नाही. झाडात तो असतो, पण पानावर, फळावर काही दिसत नाही. जंभेरीचा खुंटही तो बराचसा पोटात घालतो. रंगपूर लाइमचं मात्र तसं नाही. त्या खुंटावर साल तडकते. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या मातृवृक्षावरून डोळकाडी आली, जंभेरीवर बांधली, सगळं ठीक चाललं. त्याच चाकूनं दुपारी रंगपूरच्या वाफ्यात काम झालं, आणि भोग काही वर्षांनी एखाद्या तिसऱ्याच शेतकऱ्याच्या वावरात उगवला. अकोल्याकडच्या कागदी लिंबाच्या बागांना खैऱ्याचा त्रास आहे. तो मुख्यतः वारा-पावसानं पसरतो, पण ओल्या झाडावर चाललेली हत्यारंही त्याला हात देतात.

चाकूच्या माथी नसतं पाप मारण्यातही अर्थ नाही. ग्रीनिंग सायला किडीमुळे पसरतो आणि रोगट डोळ्यातून येतो. ट्रिस्टेझा माव्यामुळे आणि तोही डोळ्यातून. डोळाच रोगी असेल तर चाकू गंगेत धुऊन आणला तरी उपयोग नाही. त्यासाठी निरोगी मातृवृक्षच हवेत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं शेंड्याच्या अगदी सूक्ष्म टोकाचं कलम करून रोगमुक्त झाडं तयार करण्याचं काम वर्षानुवर्षं चालवलं आहे, ते याच कारणासाठी. पण एवढ्या कष्टानं तयार झालेल्या मातृवृक्षाला पहिला काप कुठल्या चाकूनं बसतो, तिथं आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बरं, चाकू धुवायचा म्हणजे कशानं? आपल्याकडे स्पिरिटचा बोळा फिरवायची पद्धत आहे. बुरशी आणि जिवाणूंसाठी ती चांगली, शिवाय स्पिरिटनं डिंकही सुटतो. व्हायरॉइडला स्पिरिटनं फरक पडत नाही. पातं ज्योतीवर धरून तापवलं तरी खात्री नाही, कारण हा प्राणी उष्णतेला फारच चिवट निघाला आहे. त्याच्यावर चालतं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचं साधं ब्लीच, सुमारे एक टक्का तीव्रतेचं. बाजारातली बाटली चार-पाच टक्क्यांची असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी. द्रावण रोज ताजं करायचं. आपल्या उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याखाली पडलेल्या बाटलीत महिन्याभरानं दम उरत नाही. आणि हे द्रावण लिंबाच्या रसात किंवा संडास धुवायच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरिन वायू निघतो.

खरी अडचण इथं सुरू होते. ब्लीच जसं रोगाला खातं तसं लोखंडालाही खातं. पातं बुडवलं, पाण्यानं खळखळून घेतलं, पुसलं, तेल लावलं, तर काही बिघडत नाही. पण घडीच्या चाकूच्या सांध्यात गेलेलं ब्लीच पुसता येत नाही. ते स्प्रिंगखाली बसतं, खिळ्याभोवती बसतं आणि आठवड्याभरात चाकू कुरकुरायला लागतो. कारागीर हुशार असतो. ब्लीचनं चाकू खराब होतो हे त्याच्या लक्षात येतं आणि तो ब्लीच सोडून देतो. त्याचं चुकतं असं कसं म्हणायचं? चाकू त्याच्या पैशाचा आहे, रोग दुसऱ्याच्या वावरात दिसणार आहे. शिवाय लगदा असेल तिथं ब्लीच नीट पोचतही नाही. त्यातला क्लोरिन त्या घाणीवरच खर्च होतो. म्हणून आधी खोलणं, मग घासणं, मग ब्लीच. हा क्रम चुकला तर बाकीचं वाया.

आता हे वाचून कोणीही शहाणा माणूस विचारेल की मग घडी हवीच कशाला, सरळ पात्याचा चाकू ठेवा, सांधाच नको. सल्ला चांगला आहे. ज्याला जमेल त्यानं तसंच करावं. पुस्तिकेत सरळ चाकूवरही दोन पानं आहेत. पण कारागीर दिवसभर उकिडवा सरकत असतो, मांडीवर डोळकाड्यांची ओली गुंडाळी असते, खिशात पट्ट्या असतात, सायकलवर किंवा ऑटोत दाटीवाटीनं बसून गावी जायचं असतं. उघडं पातं अंगावर बाळगणं त्याला परवडत नाही, आणि म्यान ठेवलं तर म्यानात तोच लगदा साचतो. घडीचा चाकू जगभरच्या माळ्यांनी शंभर-दीडशे वर्षं वापरला, त्याला काही कारण आहे.

हे जगाचं थोडं सांगायला हवं, कारण त्यात एक गंमत आहे. स्विस सैन्यानं १८९१ च्या सुमारास शिपायांना जो घडीचा चाकू द्यायला घेतला, त्यात पेचकस होता, कारण १८८९ च्या नमुन्याची नवी बंदूक शिपायाला स्वतः खोलून साफ करता यावी अशी गरज होती. पहिल्या खेपेचे १५ हजार चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनमधून आले, कारण स्वित्झर्लंडमध्ये तेवढे बनवण्याची सोय नव्हती. पुढं कार्ल एल्झेनर यांनी ते काम आपल्या देशात आणलं आणि त्यातूनच आजची व्हिक्टोरिनॉक्स उभी राहिली. म्हणजे दुसऱ्याला खोलायला जन्मलेला हा चाकू स्वतः मात्र खिळ्यांनी ठोकून बंद केलेला. आजही कंपनी सांगते की कोमट पाण्यात उघडझाप करून धुवा, वाळवा आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडा. घरच्या वापराला ते पुरतं. फ्रान्समधल्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये काढलेला लाकडी मुठीचा चाकू त्याहून साधा: एक पातं, एक लाकूड, एक खिळा, आणि १९५५ पासून पातं अडकवणारी फिरती कडी. त्याचा त्रास वेगळा. लाकूड पाण्यानं फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. आपल्या पावसाळ्यात तो चाकू नांदणं कठीण.

अलीकडे अमेरिकेत मालकानं खोलावा असा चाकू बनवायचा विचार सरळ सरळ झाला. केन ओनियन नावाच्या चाकूकारानं कोलंबिया रिव्हर नाइफ अँड टूल या कंपनीसाठी 'होमफ्रंट' नावाचा चाकू केला. तो मिटवून सांध्याजवळची छोटी कळ सरकवायची, मुठीच्या मागच्या टोकाचं चाक फिरवायचं, आणि मूठ दोन भागांत सुटून पातं हातात येतं. एकही पाना लागत नाही. मैदानावरच्या सैनिकाला चिखलात माखलेला चाकू धुता यावा ही त्यामागची कल्पना. चाकू महाग आहे, कलमासाठी केलेला नाही आणि मोर्शीत कोणी तो घ्यावा असं मी सुचवणारही नाही. पण कल्पना आपल्या कामाची आहे. सैनिकाला चाकू कधीतरी धुवावा लागतो, आपल्या कारागिराला मातृवृक्ष बदलताना दरवेळी.

बिनपान्याचा चाकू मिळाला नाही म्हणून अडत नाही. स्क्रूचा चाकू पुरतो, आणि तो आता बऱ्याच ठिकाणी मिळतो. खिळ्याच्या चाकूत खिळ्याची दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली असतात. तो उघडायचा तर डोकं कानशीनं घासून काढावं लागतं, आणि जोडायचा तर नवा खिळा, ऐरण आणि हलका हात हवा. स्क्रूच्या चाकूत आतून आटे असलेली एक नळी आणि तिच्यात बसणारा स्क्रू असतो. नळीची एक बाजू सपाट असेल तर उत्तम, कारण मग स्क्रू फिरवताना ती सोबत गरागरा फिरत नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझचे किंवा नायलॉनचे पातळ वायसर असतात. खोलताना हेच पहिल्यांदा गवतात पडून हरवतात; म्हणून पांढऱ्या फडक्यावर खोलायचं आणि निघाला त्या क्रमानं प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे मांडायचा. जोडताना उलट क्रम. स्क्रू इतकाच आवळायचा की पातं अंगठ्यानं उघडेल पण उघडल्यावर डावी-उजवीकडे हलणार नाही. पाव आट्याचा फरक असतो, हाताला दोन-तीनदा केल्यावर कळतो.

या स्क्रूंची तोंडं बहुधा चांदणीच्या आकाराची असतात. १९६७ साली अमेरिकेत निघालेला हा प्रकार मोबाइलमध्येही असतो. त्यामुळे ज्या गावात हार्डवेअरच्या दुकानात तो पाना मिळत नाही तिथंही मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतो. त्याच्याकडून नेमका आकडा विचारून घ्यावा. एक माप लहान पाना जबरदस्तीनं फिरवला की चांदणीचे कोपरे झिजतात, आणि मग तो स्क्रूचा चाकू खिळ्याच्या चाकूपेक्षा वाईट.

घरातल्या घडीच्या विळीकडे एकदा नीट पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते बाजारात न जाता कळेल. तिचाही सांधा स्क्रूचा असतो, त्यातही कांद्या-कोथिंबिरीचा थर असतो, आणि वर्षानुवर्षं तो स्क्रू कोणी फिरवलेला नसतो. भाजीचं त्यानं काही वाकडं होत नाही, म्हणून चालून जातं.

कायद्याची भीती काही जणांच्या मनात असते, म्हणून एक ओळ. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची चर्चा आहे, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कलमाच्या चाकूचं पातं बोटाएवढं असतं. तरी जत्रेत, मोर्च्यात, रेल्वे स्टेशनवर तो खिशात घेऊन हिंडू नये हे सांगायला कायदा कशाला लागतो?

पैशाचा विचार केल्याशिवाय हे सगळं कागदावरच राहील. जिथं मजुरी बांधलेल्या कलमांच्या मोजणीवर ठरते, तिथं चाकू धुण्यात गेलेली दहा मिनिटं कारागिराच्या खिशातून जातात. म्हणून माझं मत असं की चाकू पन्हेरीवाल्यानं द्यावेत, आणि माणशी दोन द्यावेत. एक हातात, एक खोलून धुतलेला, तेल लावून फडक्यावर तयार. मातृवृक्ष बदलला की चाकू बदलायचा. कारागिराचं काम क्षणभरही थांबत नाही, धुण्याचं काम बाजूला बसलेलं दुसरं माणूस करतं. खर्च फार वाढत नाही. काही पन्हेरीवाले म्हणतील की शेतकरी कलम घेताना फक्त उंची आणि भाव पाहतो, चाकू कोण विचारतो? खरं आहे. आज नाही विचारत.

पुस्तिकेची मांडणी कारागिराच्या दिवसाप्रमाणे आहे: सकाळी धार, कामाच्या मधला बदल, संध्याकाळचं खोलणं. चित्रं मुद्दाम मोठी ठेवली आहेत आणि मजकूर थोडा, कारण ती हातात धरून वाचायची नसून शेडच्या खांबाला अडकवायची आहे. चाकूंच्या कंपन्यांची तुलना केलेली नाही. भाव आणि माल दर हंगामाला बदलतो.

एक सूचना मात्र विकत घेण्याआधीच वाचावी. कलमाच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूनं धार असते. दुसरी बाजू सपाट, म्हणून काप सरळ बसतो. ही सपाट बाजू उजव्या हाताच्या माणसाच्या हिशेबानं केलेली असते. डावखुऱ्या कारागिराच्या हातात तोच चाकू लाकडात खोल घुसतो, डोळ्याची ढाल जाड निघते आणि लोक त्याच्या हाताला नावं ठेवतात. डाव्या हाताचे चाकू बनतात. दुकानदाराकडे समोर मांडलेले नसतात, मागवून घ्यावे लागतात.